कवाना कशी आणायची: तेफिलामध्ये आणि बाकी दिवसभर

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आमिदा ही प्रार्थना संपवून मी तीन पावलं मागे आलो, डावीकडे उजवीकडे समोर मान झुकवली आणि तेव्हा लक्षात आलं की गेल्या सात-आठ मिनिटांतला एकही शब्द मला आठवत नाहीये. १९ बेराखा, म्हणजे आशीर्वचनं, तोंडातून गेल्या होत्या, वाकायच्या जागी वाकलो पण होतो, आणि डोक्यात पूर्ण वेळ सोसायटीच्या पाण्याच्या मोटरचा खर्च कोण भरणार हे चालू होतं. वाईट वाटलं, खरंच वाटलं. माझे आजोबा रेवदंड्याहून मुंबईला आले तेव्हा सोबत फार काही नव्हतं पण सिद्दूर होता, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, तोच आज माझ्या हातात आहे आणि मी तो नुसता वाचून मिटतोय.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी याच एका गोष्टीच्या, कवानाच्या, म्हणजे प्रार्थनेत मन लावण्याच्या, मागे लागलो, त्यातलं जे खरंच उपयोगी पडलं ते इथे लिहितोय. मी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही, ठाण्यात राहणारा, नोकरी करणारा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला, माणूस आहे, त्यामुळे हलाखाचा म्हणजे नियमाचा प्रश्न असेल तर तुमच्या हज्जानला, म्हणजे सिनॅगॉगमध्ये प्रार्थना म्हणवणाऱ्याला, किंवा रब्बीला विचारा. आणि जे ज्यू नाहीत पण सहज वाचतायत त्यांच्यासाठी, तेफिला म्हणजे प्रार्थना, दिवसातून तीनदा, सकाळी शाहरिथ, दुपारी मिन्हा, संध्याकाळनंतर अर्विथ, आणि आमिदा म्हणजे त्यातला उभ्याने म्हणायचा मुख्य भाग. देवाचं नाव मी इथे हाशेम असंच लिहिणार आहे, आमच्याकडे ते नाव सहज लिहायचं-उच्चारायचं नसतं.

आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण माझी अर्धी चूक तिथेच होती. कवाना म्हणजे एकाग्रता, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. पण हिब्रूत कवाना ज्या धातूवरून येतो त्याचा अर्थ रोख धरणं, दिशा देणं असा आहे, दिशेला हिब्रूत किवून म्हणतात तो शब्दही तिथलाच. आता एकाग्रता म्हटली की आपण धरतो की मन हललंच नाही पाहिजे, आणि ते हललं की गेलं, संपलं. पण दिशेचं तसं नसतं, होडी वाऱ्याने भरकटणारच, सुकाणूवर बसलेल्याने ती परत वळवायची, दहा वेळा भरकटली तर दहा वेळा वळवायची. हे मला कळलं तेव्हा निम्मं ओझं उतरलं.

आणि ज्यांना आपण फार मोठे मानतो त्यांचंही मन भरकटायचं बरं का. यरुशलेमच्या तलमूदमध्ये, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, बेराखोथ या भागाच्या दुसऱ्या अध्यायात, एक जागा आहे ती मला इतकी जवळची वाटते की मी ती वहीत उतरवून ठेवलीये. रब्बी हिय्या म्हणतात की आयुष्यात मला कधी कवाना जमलीच नाही, एकदा मुद्दाम प्रयत्न केला तर मनात हेच यायला लागलं की राजाच्या दरबारात अमका अधिकारी आधी जातो की तमका. शमुएल म्हणतात मी पाखरं मोजत होतो. रब्बी बून बर हिय्या भिंतीतल्या विटांच्या ओळी मोजत होते. आणि रब्बी मत्तन्या म्हणतात, मी माझ्या डोक्याचा आभारी आहे, मोदीम आलं की ते आपोआप वाकतं. मोदीम म्हणजे आमिदातली आभाराची बेराखा. ही माणसं हे झाकून ठेवू शकली असती, पण पुढच्यांसाठी ते लिहिलेलं राहिलं. तेव्हा तुमचं मन भरकटत असेल तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका.

तेफिलाच्या आधीची पाच मिनिटं

सगळ्यात जास्त फरक मला इथे पडला, म्हणून इथेच जास्त लिहितो. मिश्नामध्ये, म्हणजे तलमूदच्या मुळाशी असलेल्या नियमांच्या संग्रहात, बेराखोथच्या पाचव्या अध्यायात सुरुवातीलाच लिहिलंय की पूर्वीचे भक्तिमान लोक तेफिलाच्या आधी एक तास थांबायचे, मन देवाकडे वळवायला. तलमूद पुढे सांगतं की नंतरही एक तास थांबायचे. आपल्याला ७ वाजून काही मिनिटांची लोकल पकडायची असते, तास कुठून आणणार, पण पाच मिनिटं मिळतात. रामबाम, म्हणजे बाराव्या शतकातले रब्बी मोशे बेन मैमोन, तेही हेच सांगतात की आधी थोडा वेळ बसा, डोक्यातले बाकी विचार बाजूला करा, आपण हाशेमसमोर उभे आहोत असं बघा, मग सुरू करा. कवानाशिवाय केलेली तेफिला ही तेफिलाच नाही, इतक्या स्पष्ट शब्दांत त्यांनी लिहिलंय.

मी काय करतो ते सांगतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो, सायलेंट करून खिशात नाही, दुसऱ्या खोलीत, कारण खिशात असला की मांडीला तो आहे हे कळत राहतं आणि मन तिकडे जातं. जागा एकच ठेवतो. तलमूदमध्ये तेफिलाची जागा ठरलेली असावी असं सांगितलंय आणि त्याचा फायदा आठवड्याभरातच कळतो, त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं की शरीराला समजतं आता काय करायचंय, जसं जेवणाच्या पाटावर बसलं की भूक लागते. आमच्या घरात ती जागा पश्चिमेच्या खिडकीशी आहे. आपल्याकडून यरुशलेम पश्चिमेला, म्हणून आपल्या मशिदीतला, म्हणजे सिनॅगॉगमधला हेखाल, तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, तोही पश्चिमेच्या भिंतीला असतो. बायको तिथे कपड्यांचा स्टँड लावायची तो तिने स्वतःहून हलवला, मला सांगावं पण लागलं नाही.

मग खुर्चीवर बसायचं, काही म्हणायचं नाही. श्वास जरा खाली येऊ द्यायचा. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, मी आत्ता कोणासमोर उभा राहणार आहे. कितीतरी सिनॅगॉगमध्ये हेखालच्या वर हेच वाक्य लिहिलेलं असतं, दा लिफ्ने मी अत्ता ओमेद, तू कोणासमोर उभा आहेस ते जाण. उत्तर शब्दांत आलं पाहिजे असं नाही, प्रश्न विचारून गप्प बसायचं, पुरे.

तेफिल्लीन, म्हणजे आत वचनं असलेल्या चामड्याच्या पट्टेवाल्या पेट्या, बांधत असाल तर तीच तयारी समजा. डाव्या दंडावर हृदयाच्या बाजूला एक, कपाळाच्या वर एक, हातावर सात वेढे. घाईत मी पूर्वी ते पट्टे बुटाच्या लेससारखे गुंडाळायचो. आता वेढे हळू घेतो आणि मोजतो, सातव्या वेढ्यापर्यंत मन बऱ्यापैकी जागेवर येतं.

मग पाय जुळवायचे, तीन पावलं पुढे, नजर खाली. पहिलं वाक्य स्तोत्रातलं आहे, हे प्रभू माझे ओठ उघड म्हणजे माझं तोंड तुझी स्तुती सांगेल. हे वाक्य गडबडीत जाऊ देऊ नका. बोलायची ताकद पण त्याच्याकडेच मागायची, एवढं ते साधं आहे.

एकच बेराखा धरा

सुरुवातीला मी १९च्या १९ बेराखांवर मन लावायला गेलो आणि तिसऱ्यालाच दमलो. तसं करू नका. शुल्हान आरूख या नियमांच्या ग्रंथात रब्बी योसेफ कारो सांगतात की सगळ्यांत कवाना ठेवावी, पण जमत नसेल तर निदान पहिल्या बेराखात, अवोथमध्ये, ठेवाच, आणि तिथेही राहिली नाही तर आमिदा परत म्हणायला हवी. त्यावर पोलंडच्या क्राकावमधले रब्बी मोशे इसेर्लिस टीप देतात की आजकाल परत म्हणायला लावत नाहीत, कारण दुसऱ्यांदा तरी कवाना राहील याचा काय भरवसा. ही सोळाव्या शतकातली आजकालची गोष्ट आहे. मला या टिपेत दया दिसते, माणूस कसा असतो हे माहीत असलेल्याने लिहिलेली ती टीप आहे.

तर पहिला महिना फक्त अवोथ. आब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव. बाकीच्या बेराखा नेहमीसारख्या म्हणा, पण ही एक शब्दन् शब्द समजून. दुसऱ्या महिन्यात अजून एक घ्या. मी आज अकरा महिन्यांनी आठ बेराखांपर्यंत आलोय, आणि त्यातही रोज आठही जमतात असं नाही.

समजून म्हणजे कोणत्या भाषेत, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो. आपल्यातल्या पुष्कळ जणांना हिब्रू वाचता येतं पण कळत नाही. मिश्नामध्ये सोता या भागाच्या सातव्या अध्यायात ज्या गोष्टी कोणत्याही भाषेत म्हटलेल्या चालतात त्यांची यादी आहे, त्यात शेमा, म्हणजे देव एक आहे हे सांगणारी वचनं, आहे, तेफिला आहे आणि जेवणानंतरची बेराखाही आहे. म्हणजे मराठी चालते. आणि आपल्याला मराठी अर्थ शोधत फिरावं लागत नाही, एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी (१८३४–१९०५) आपली प्रार्थनापुस्तकं एकामागून एक मराठीत आणून ठेवली. मिन्यानमध्ये, म्हणजे किमान दहा जणांच्या एकत्र प्रार्थनेत, मी हिब्रूतच म्हणतो, सगळ्यांबरोबर. पण घरी एकटा असतो तेव्हा एक बेराखा आधी मराठीत वाचतो, थांबतो, मग हिब्रूत म्हणतो.

पेन्सिल वापरा. सिद्दूरच्या कडेला प्रत्येक बेराखाशेजारी दोन-तीन मराठी शब्द लिहा, पण तुमचे स्वतःचे, छापील अनुवादातले उचलू नका. माझ्या सिद्दूरमध्ये चौथ्या बेराखाशेजारी लिहिलंय "डोकं ठिकाणावर ठेव". आठवीशेजारी, रेफाएनू, बरं कर, तिथे तीन माणसांची नावं आहेत, त्यातलं एक या वर्षी खोडलं कारण तो बरा झाला.

एक गोष्ट मराठीमुळे मला जास्त कळली. बेराखा सुरू होते बारूख अत्ता, धन्य तू. अत्ता म्हणजे तू, एकेरी. आपण मराठीत बाबांना अहो म्हणतो, साहेबांना तुम्ही म्हणतो, पण आईला आणि देवाला अगं, अरे, तूच. त्यामुळे अत्ता म्हणताना मी क्षणभर थांबतो आणि मनात मराठीतला तू ऐकतो. एवढंच करून बघा एक आठवडा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

शेमाचं थोडक्यात सांगतो. उजवा हात डोळ्यांवर, पहिलं वाक्य सावकाश, हिब्रूत सहाच शब्द आहेत. शेवटचा शब्द एहाद, म्हणजे एक. तलमूद सांगतं की तो लांबवावा, खास करून शेवटचं अक्षर, दालेथ. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, आणि जुन्या लोकांनी त्याचा हिशोब सांगून ठेवलाय, अलेफ म्हणजे १, तो एकच. हेथ म्हणजे ८, सात आकाशं आणि पृथ्वी. दालेथ म्हणजे ४, चार दिशा. तेवढ्या एका शब्दात तो सगळीकडे आहे असं मनात फिरून यायचं. आपल्या पूर्वजांची गोष्ट आपण सगळे ऐकत आलोय, नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, पुस्तकं बुडाली, कोकणात तेल गाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली झाले, पण शेमा तोंडात राहिला. डोळे झाकले की मला ते आठवतं, तुम्हालाही आठवत असेल.

मन गेलं की काय करायचं

जाणारच. एक, ओठ हलवून स्वतःला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणा, डोळ्यांनी वाचू नका. हे हन्नाकडून आलंय. शिलोच्या मंदिरात मूल मागताना तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता, याजक एलीला वाटलं ही प्यायलीये. त्या दुःखी बाईच्या प्रार्थनेवरून आमिदा कशी म्हणायची याचे नियम तलमूदने काढले, कोणा राजाच्या किंवा पंडिताच्या प्रार्थनेवरून नाही. दोन, ओळीवर बोट ठेवा, लहान मुलासारखं, लाजू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जो विचार परत परत येतोय तो हाकलू नका, त्याची बेराखा शोधा. आमिदाच्या मधल्या बेराखा मागण्याच्याच आहेत, अक्कल, क्षमा, आजारपण, पोटापाण्याचं वर्ष, न्याय. मुलीच्या ॲडमिशनची काळजी, हप्ते, भावाशी झालेलं भांडण, यातलं काय त्यात बसत नाही? आणि जे बसत नाही त्याला शेमा कोलेनू आहे, आमचा आवाज ऐक, तिथे स्वतःच्या शब्दांत जोडता येतं. ती पाण्याची मोटर पण मी शेवटी तिथेच नेली, म्हणजे मोटर नाही, सेक्रेटरीशी बोलताना माझा जो आवाज चढतो तो. त्या दिवसापासून ती आमिदाच्या मध्ये आली नाही.

आणि मन परत आलं की स्वतःला बोल लावत बसू नका, त्यात अजून दोन बेराखा निघून जातात. जिथे आहात तिथून पुढे म्हणा.

यासोबत दिवसातून एकदा स्वतःच्या भाषेत हाशेमशी बोलून बघा. युक्रेनमधल्या ब्रेस्लावचे रब्बी नाखमान (१७७२–१८१०) शिष्यांना हेच सांगायचे, रोज एकट्याने, शक्यतो मोकळ्या रानात, आपल्या बोलीत, मनात असेल ते, काही सुचलं नाही तर सुचत नाही हेच सांगायचं. याला हिथबोदेदूथ म्हणतात. ठाण्यात रान कुठलं, मी रात्री तलावपाळीला एक फेरी मारतो, कानात इयरफोन घालतो म्हणजे लोकांना वाटतं फोनवर बोलतोय. पहिले चार-पाच दिवस फार अवघड गेले. सहाव्या दिवशी आईबद्दल बोलायला लागलो आणि फेऱ्या किती झाल्या कळलं नाही.

दिवसभराची कवाना

तेफिला दिवसाचा फार तर एक तास घेते. बाकीचे तेवीस? नीतिसूत्रांत वाक्य आहे, तुझ्या सर्व मार्गांत त्याला जाण. सर्व मार्गांत म्हणजे लोकलमध्ये पण, एक्सेल शीटमध्ये पण. त्यासाठीच आपल्याला छोट्या छोट्या बेराखा दिल्यात, तलमूद तर रोज १०० म्हणायला सांगतं. १०० चा आकडा ऐकून घाबरू नका, तीन आमिदांतच ५७ होतात. फक्त एक निवडा जी तुम्ही कधी घाईत म्हणणार नाही.

माझी आहे अशेर यात्सार, संडास-बाथरूमला जाऊन आल्यावर हात धुऊन म्हणायची. तू माणसाला शहाणपणाने घडवलंस, त्यात छिद्रं आणि पोकळ्या केल्यास, त्यातलं एक जरी उघडलं किंवा बंद झालं तरी तुझ्यासमोर उभं राहणं अशक्य. लहानपणी आम्ही भावंडं ही बेराखा एका श्वासात संपवायची शर्यत लावायचो. मग दोन वर्षांपूर्वी बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. नळी काढली आणि लघवी होईना, सकाळपासून दुपारपर्यंत, बाबांचा चेहरा पांढरा, बेडची कड धरून बसलेले, नर्स दोनदा येऊन बघून गेली, परत नळी घालावी लागेल म्हणाली. साडेतीनच्या सुमारास मी त्यांना धरून बाथरूममध्ये नेलं आणि झाली. फार नाही, थोडीच. बाबा बेसिनला टेकून हात धुवायला लागले, नळ चालू, आणि अशेर यात्सार म्हणायला लागले, प्रत्येक शब्द वेगळा, जसा कोणी पहिल्यांदा वाचतंय, आणि छिद्रं छिद्रं पोकळ्या पोकळ्या, नेकावीम नेकावीम हलूलीम हलूलीम, इथे येऊन थांबले, परत तेच म्हटलं. मी आमेन म्हटलं. तेव्हापासून ही बेराखा मी उभं राहून, ओले हात पुसून, नळ बंद करून म्हणतो.

दुसरी सोपी जागा म्हणजे खाणं. केळं हातात घेतलं तर जमिनीच्या पिकाची बेराखा कारण केळीचं झाड हे झाड धरत नाहीत, आंबा-नारळाला झाडाच्या फळाची, मासा-पाण्याला शेहाकोल ही सर्वसाधारण बेराखा. हा फरक करायला एक क्षण थांबून बघावं लागतं, हे काय आहे, कुठून आलं. तो क्षणच कवाना. आमच्याकडे पहिला हापूस आला की आई कोणाला सुरी लावू द्यायची नाही. सगळे जमेपर्यंत आंबा ताटात, वास घरभर, आम्ही पोरं तिष्ठत. मग बाबा झाडाच्या फळाची बेराखा आणि शेहेहियानू म्हणायचे, आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस, या वेळेपर्यंत आणलंस. मागच्या मोसमात टेबलाभोवती एक खुर्ची रिकामी होती, आईची, आणि तेच शब्द म्हणताना बाबांचा आवाज "या वेळेपर्यंत"वर बसला. मोसमाचं फळ दर वर्षी येतं, त्याला थांबा, फ्रिजमधून काढून उभ्याउभ्या खाऊ नका.

दाराची मेझुझा, म्हणजे चौकटीवर लावलेली वचनांची छोटी डबी, तिला बोट लावून ओठांना लावतो ते आपण सगळेच यांत्रिकपणे करतो. मी फक्त घरात येताना त्याचा उपयोग करतो, बोट तिथे असेपर्यंत ऑफिसमधलं कोणतं वाक्य घरात न्यायचं नाही ते ठरवतो. शबाथचं, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचं, वेगळं लिहीन कधीतरी, तो मोठा विषय आहे, पण शुक्रवारी दिवे लावायच्या वीस मिनिटं आधी सगळी कामं थांबवा, शेवटच्या सेकंदाला धावत शबाथमध्ये शिरलं की जेवण होईपर्यंत मन बाहेरच राहतं. किद्दूशसाठी, म्हणजे शबाथच्या पेल्यावरच्या आशीर्वचनासाठी, काळ्या मनुकांचं सरबत घरी करत असाल तर मनुका कुस्करायचं काम मुलांकडे द्या, त्यांची कवाना हातातून येते.

आणि झोपताना. झोपायच्या शेमाच्या आधी एक छोटा मजकूर असतो, आज ज्याने मला राग आणला, दुखवलं, त्या सगळ्यांना मी क्षमा करतो. हा मजकूर नावं घेऊन म्हणा. सगळ्यांना म्हणणं फार सोपं आहे. काही रात्री मला नाव घेता येत नाही, तेव्हा मी खोटं म्हणत नाही, तिथे थांबतो आणि उद्या म्हणीन असं सांगतो. गेल्या एलूल महिन्यात, सेलिहोथ म्हणजे क्षमेच्या प्रार्थना चालू असताना, एक नाव होतं ते सलग नऊ रात्री अडकलं. दहाव्या रात्री म्हटलं, मग डोळ्यांवर हात ठेवून शेमा म्हटला आणि दिवा बंद केला.